एकाच घोटाळ्यात तुला तीन, मला पाच: अपिलात काय मागता येते?

प्रश्न: मी प्रताप नगर, नागपूर इथला. सहकारी बँकेत नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या रोखे घोटाळ्याचा निकाल लागला तेव्हा आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत दुसरा विषयच नव्हता. तिथे बँकेचे अध्यक्ष, अधिकारी आणि रोखे दलाल, सगळ्यांना सारखीच पाच वर्षे झाली. त्याच वर्षी यवतमाळच्या कंपनीच्या कोळसा प्रकरणात मात्र काहींना चार वर्षे, काहींना तीन. आमच्यातले एक गृहस्थ म्हणतात, गुन्हा एक तर शिक्षाही एकच हवी. मला उलट वाटते. साहेबाने सांगितले म्हणून सही करणारा आणि साहेब, दोघांना एकच माप कसे लावायचे? फसवणुकीच्या एकाच प्रकरणात साथीदाराला कमी आणि आपल्याला जास्त शिक्षा झाली, तर एवढ्या कारणावर अपील होते का? आणि अपिलात जाऊन शिक्षा वाढली तर?
– एक वाचक, प्रताप नगर, नागपूर

उत्तर: अपील होते. आपण दोषी आहोत हे मान्य ठेवून फक्त शिक्षेच्या मापाविरुद्धही ते करता येते. मात्र ‘त्याला तीन, मला पाच’ एवढीच तक्रार घेऊन गेलेला माणूस बहुधा हात हलवत परत येतो. वरचे न्यायालय दोन गोष्टी पाहते. तुम्ही दोघांनी केलेले काम निकालपत्राप्रमाणे सारखे होते का? आणि सारखे असेल, तर शिक्षेतल्या फरकाचे कारण खालच्या न्यायालयाने लिहिले आहे का? माझे मत विचाराल तर मी तुमच्या बाजूचा आहे. शिक्षा सारखी असो की वेगळी, ती तशी का झाली हे आरोपीला, त्याच्या घरच्यांना आणि ज्यांचे पैसे बुडाले त्यांनाही निकालपत्र वाचून कळले पाहिजे. आपल्याकडे निकालपत्राचा नेमका हाच भाग सर्वांत तोकडा असतो.

तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणे नीट पाहण्यासारखी आहेत. २००२ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे सव्वाशे कोटींच्या आसपास रुपये होम ट्रेड आणि इतर काही कंपन्यांमार्फत सरकारी रोख्यांत गुंतवले गेल्याचे दाखवण्यात आले. रोखे बँकेच्या हाती आले नाहीत आणि पैसेही परतले नाहीत. गुन्हा त्याच वर्षी नोंदला गेला, दोषारोपपत्रही त्याच वर्षी दाखल झाले, पण निकालाला २२ डिसेंबर २०२३ उजाडला. तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांच्यासह सहा जण दोषी ठरले, तिघे निर्दोष सुटले. सहाही जणांना पाच-पाच वर्षांची सक्तमजुरी आणि दंड झाला.

त्या निकालाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. पण त्यातली एक गोष्ट फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या लक्षात आली नसेल. खटला अतिरिक्त मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालला. भारतीय दंड विधानाचे कलम ४०९ लोकसेवक, बँकर, दलाल अशा विश्वासाच्या जागी बसलेल्या माणसाने केलेल्या अपहाराचे होते आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली होती. मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांचा अधिकार मात्र सात वर्षांपर्यंतच चालतो. कायद्यात जन्मठेप लिहिलेली असली तरी त्या न्यायासनावरून सातच्या वर जाता येत नाही. वरची मर्यादा अशी खाली आली की मोठा हात आणि छोटा हात यांच्या शिक्षांत अंतर ठेवायला जागाही कमी उरते. सहकारी बँका आणि पतसंस्थांचे कित्येक खटले याच पातळीवर चालतात. तिथे सरसकट एकच आकडा दिसतो, त्यामागे हेही एक कारण असू शकते.

कोळसा प्रकरणाचे चित्र वेगळे आहे. जेएलडी यवतमाळ एनर्जी या कंपनीला छत्तीसगडमधला फतेहपूर पूर्व हा कोळसा पट्टा मिळवून देताना फसवणूक आणि कट झाल्याचे दिल्लीच्या विशेष न्यायालयाने ठरवले. २६ जुलै २०२३ रोजी माजी खासदार विजय दर्डा, देवेंद्र दर्डा आणि मनोज जयस्वाल यांना चार-चार वर्षे, तर माजी कोळसा सचिव एच. सी. गुप्ता आणि आणखी दोन अधिकाऱ्यांना तीन-तीन वर्षे शिक्षा झाली. कट एक, खटला एक, न्यायाधीशही एकच. तरी शिक्षा दोन.

हा एका वर्षाचा फरक बारीक वाटेल, पण त्या दिवशी संध्याकाळी कोण घरी जातो आणि कोण तुरुंगात, हे त्यानेच ठरले. शिक्षा तीन वर्षे किंवा त्याहून कमी असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर अपील करण्यापुरता जामीन खटला चालवणारे न्यायालयच देते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३८९ मध्ये होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४३० मध्ये आहे. तीन वर्षांवर एक दिवस जरी गेला तरी ही वाट बंद होते आणि वरच्या न्यायालयातून शिक्षेला स्थगिती आणेपर्यंत कोठडी. त्या प्रकरणातही तसेच झाले: अधिकाऱ्यांना तिथेच जामीन मिळाला, बाकीच्यांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. अशीच दुसरी रेषा दोन वर्षांची आहे. दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली की आमदार-खासदाराचे सदस्यत्व जाते. केदार यांची सावनेरची आमदारकी तशीच गेली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला, पण दोषसिद्धीला स्थगिती द्यायला त्याच वर्षी जुलैत नकार दिला. म्हणून शिक्षेतल्या फरकाकडे पाहताना नुसते वर्षांचे आकडे मोजू नका. तो आकडा कोणत्या रेषेच्या कोणत्या बाजूला पडला, हे आधी पाहा.

आता तुमच्या मित्राचा मुद्दा: गुन्हा एक तर शिक्षा एक. कट किंवा समान हेतू सिद्ध झाला की प्रत्येक जण साऱ्या कृत्याला जबाबदार ठरतो, हे खरे. पण ती जबाबदारी दोषी ठरवण्यापुरती आहे. शिक्षा ठरवताना न्यायाधीशाने प्रत्येकाला पुन्हा वेगळे उभे करायचे असते. योजना कोणाची, पैसा कोणाच्या खात्यात गेला, कोणी कागद बनवले, कोणी डोळे मिटले, कोणी रक्कम परत भरली, कोणावर आधीचे गुन्हे आहेत, कोण किती काळ आधीच तुरुंगात काढून आला, कोणाचे वय झाले. यासाठी दोषी ठरवल्यानंतर शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचे म्हणणे ऐकणे कायद्याने सक्तीचे आहे. १९७६ मध्ये सांता सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही सुनावणी न झाल्याच्या कारणावर दोषसिद्धी तशीच ठेवून फक्त शिक्षेपुरते प्रकरण खाली परत पाठवले होते.

मला सर्वांत जास्त सलते ते इथे. गुन्हा केला की नाही यावर वर्षानुवर्षे खल होतो, नागपूर बँकेच्या प्रकरणात तर एकवीस वर्षे गेली. त्यानंतर प्रत्येकाने किती भोगायचे याची सुनावणी अनेक खटल्यांत त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या अलीकडे-पलीकडे उरकते. आरोपीचा वकील ‘घरी म्हातारे आईवडील आहेत, पहिलाच गुन्हा आहे’ म्हणतो, सरकारी वकील ‘आर्थिक गुन्हा गंभीर आहे’ म्हणतात, आणि सर्वांना मिळून एकच परिच्छेद लिहिला जातो. मुख्य लिपिकाला आणि अध्यक्षाला वेगळे करणारा पुरावा शेकडो पानांत विखुरलेला असतो. तो गोळा करून त्या दिवशी न्यायाधीशापुढे ठेवायला कोणी बसलेले नसते. पुढे अपिलात विषम शिक्षेचा मुद्दा लंगडा पडतो, त्याचे मूळ बहुधा या दुपारीच असते.

आपल्याकडे शिक्षेचे माप ठरवायला लिखित मार्गदर्शिका नाही. २००३ मध्ये मलिमठ समितीने तशी असावी असे सुचवले. २००८ मध्ये प्रेम सागर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती नसल्याची नोंद केली, आणि मे २०२४ मध्ये सुनीता देवी प्रकरणात केंद्र सरकारने शिक्षेच्या सर्वंकष धोरणाचा विचार करावा असे पुन्हा सुचवले. इंग्लंडमध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी २०१४ पासून स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. तिच्यात किती रकमेचे नुकसान झाले याचे टप्पे आहेत, आणि टोळीत आरोपीची जागा कोणती होती हेही स्वतंत्र पाहिले जाते: सूत्रधार, महत्त्वाचा साथीदार, की दुसऱ्याच्या हुकमाखाली मर्यादित काम करणारा. तुमचा सही करणारा कर्मचारी या तिसऱ्या गटात बसेल. आपल्या न्यायालयांनाही हा विचार करता येतोच, फक्त तो मांडण्याचे ओझे पूर्णपणे आरोपीच्या वकिलावर येऊन पडते.

पण बँकेतल्या सहीचा मुद्दा दुधारी आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. ‘साहेबांनी सांगितले म्हणून पास केले’ ही सबब, व्यवहार खोटा आहे हे माहीत असल्याचे सिद्ध झाल्यावर, निर्दोष सुटायला चालत नाही. शिक्षेच्या वेळी ती उपयोगी पडू शकते. आणि तिथेही सरकार पक्ष म्हणेल, पासिंग ऑफिसरच्या सहीवर विश्वास होता म्हणूनच खातेदाराचा पैसा बाहेर गेला, म्हणजे विश्वासघात अधिक गंभीर. याला उत्तर कागदातून द्यावे लागते. नोटशीटवर कोणी काय शेरा मारला होता, कर्जमंजुरीचा ठराव कोणी मांडला, तपासणी अहवालात कोणाचे नाव आले, या माणसाच्या स्वतःच्या खात्यात एक रुपया तरी आला का. हे सारे पुरावा नोंदवतानाच उलटतपासणीतून रेकॉर्डवर आले असेल, तर अपिलात त्याला वजन येते. अपिलात पहिल्यांदाच सांगितलेली गोष्ट सहसा कानावर घेतली जात नाही.

सहआरोपीला कमी शिक्षा होण्याची काही कारणे अशी असतात की त्यांच्याशी तुलना करून काहीच हाती लागत नाही. तो माफीचा साक्षीदार झाला असेल, तर त्याला शिक्षाच होत नाही, आणि तोलाचा काटा तिथे लावता येत नाही. त्याने प्ली बार्गेनिंग, म्हणजे सौम्य शिक्षेच्या बदल्यात गुन्हा कबूल करण्याचा समझोता, केला असेल, तर कायद्यानेच त्याची शिक्षा कमी केली आहे. ही सोय सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांनाच आहे, म्हणजे जुन्या दंड विधानातल्या फसवणुकीच्या कलम ४२० ला मिळते, पण अपहाराच्या ४०९ ला मिळत नाही. त्याला कलमच हलके लागले असेल, तो एकवीस वर्षांच्या आतला म्हणून परिवीक्षेवर सोडला गेला असेल, तरीही तेच. उलटही घडते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात काही गुन्ह्यांना किमान शिक्षा ठरलेली आहे. तीत अडकलेल्या सरकारी नोकराला त्या किमानाच्या खाली उतरता येत नाही, शेजारचा खासगी आरोपी मात्र उतरू शकतो.

कबुलीचेही असेच आहे. आपल्या सीमाभागातल्या खानापूरचा अब्दुल करीम तेलगी याने मुद्रांक घोटाळ्यात २००७ मध्ये पुण्याच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला, तरी १३ वर्षांची सक्तमजुरी आणि २०२ कोटींचा दंड झाला. गुन्हा कबूल करून शिक्षा झालेल्याला दोषसिद्धीविरुद्ध अपील उरत नाही. शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यावरच त्याला अपील करता येते.

तुलना खरोखर जिथे लागू पडते तिथे न्यायालये काय करतात? याचे सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण फसवणुकीचे नाही, खुनाचे आहे, पण सहआरोपींच्या विषम शिक्षेवर बोलताना ते टाळून पुढे जाता येत नाही. उत्तर प्रदेशातल्या एका कुटुंबातल्या चार जणांच्या खुनात जीता सिंग, कश्मिरा सिंग आणि हरबन्स सिंग या तिघांना फाशी झाली. तिघे वेगवेगळ्या वेळी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि वेगवेगळ्या पीठांपुढे पडले. जीता सिंगची याचिका १९७६ मध्ये फेटाळली गेली. १९७७ मध्ये कश्मिरा सिंगची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. १९७८ मध्ये हरबन्स सिंगची याचिका फेटाळली गेली, आणि एका सहआरोपीची फाशी आधीच कमी झाली आहे हे त्याच्या फेरविचार याचिकेच्या वेळीही न्यायालयापुढे आले नाही. ६ ऑक्टोबर १९८१ रोजी जीता सिंगला फाशी दिली गेली. हरबन्स सिंग ऐन वेळी पुन्हा न्यायालयात गेला म्हणून वाचला. फेब्रुवारी १९८२ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने त्याची फाशी जन्मठेपेत बदलावी अशी राष्ट्रपतींकडे शिफारस केली. फाशी देण्यापूर्वी सहआरोपीची शिक्षा कमी झाली आहे का, याची तुरुंग अधीक्षकाने खात्री करावी, असेही त्या निकालात सांगितले. तिघांची भूमिका सारखी होती, हे साऱ्यांना मान्य होते. तरी एक जण गेला, तो केवळ तिन्ही प्रकरणे एका टेबलावर आली नाहीत म्हणून.

अलीकडे, सप्टेंबर २०२३ मध्ये, जावेद शौकत अली कुरेशी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पुरावा सारखा आणि भूमिका सारखी असताना एकाला सोडायचे आणि दुसऱ्याला शिक्षा द्यायची, असे न्यायालयाला करता येत नाही. ज्याची याचिका आधीच फेटाळली गेली होती अशा सहआरोपीलाही त्यांनी आपणहून तो लाभ दिला. ते प्रकरण दोषसिद्धीचे होते, पण सारख्याला सारखे वागवण्याचे तत्त्व शिक्षेच्या अपिलातही त्याच जोरावर मांडता येते. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लोव्ह खटल्यात लावलेली कसोटी मला फार नेमकी वाटते: सहआरोपीच्या शिक्षेकडे पाहून या माणसाला आपल्यावर अन्याय झाला असे वाटणे, त्रयस्थाच्या नजरेनेही रास्त आहे का? नुसते वाटून भागत नाही, वाटण्याला आधार हवा.

याला एक मर्यादा आहे. सहआरोपीला चुकून किंवा बेकायदा सूट मिळाली असेल, तर तीच चूक मलाही द्या, असे म्हणता येत नाही. न्यायालये ते ऐकत नाहीत, आणि मला वाटते बरोबरच करतात. लाखो ठेवीदारांचा पैसा बुडवणाऱ्या सूत्रधाराने, कोणा अधिकाऱ्याला जास्तच सौम्य शिक्षा झाली म्हणून मलाही तेवढीच द्या म्हटले, तर तिथे ठेवीदाराची बाजू कोण पाहणार?

ठेवीदारांविषयी आणखी एक सांगतो, कारण नागपुरात असे कितीतरी जण आहेत. अमुक आरोपी फार सौम्य शिक्षेवर सुटला, म्हणून ती वाढवा, असे अपील पीडिताला स्वतः करता येत नाही. २०२० मध्ये परविंदर कन्सल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. आरोपी निर्दोष सुटला, हलक्या कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडिताला अपील आहे. शिक्षा वाढवून मागण्याचे अपील मात्र सरकारनेच करायचे असते. म्हणजे ठेवीदारांनी निवेदन सरकारी वकिलाकडे, म्हणजेच शासनाकडे द्यायचे.

तुमच्या शेवटच्या भीतीचे उत्तरही यातच आहे. आरोपीने एकट्याने अपील केले आणि सरकारने शिक्षा वाढवण्याचे अपील केले नाही, तर त्या अपिलात शिक्षा वाढत नाही. शिक्षेचे स्वरूप बदलता येते, मुदत कमी करता येते, वाढवता येत नाही. २०२५ मध्ये नागराजन विरुद्ध तमिळनाडू या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांनाही हेच बजावले. सरकारनेही अपील केले असेल तर मात्र शिक्षा वाढण्याचा धोका खरा आहे. तरी आरोपीला आधी ऐकावे लागते, आणि त्याच सुनावणीत त्याला निर्दोष सोडा किंवा शिक्षा कमी करा असेही मागता येते.

निकालपत्रावर सारखी दिसणारी शिक्षा प्रत्यक्षात वेगळी कशी होते, हे फारसे कोणी पाहत नाही. दोघांना पाच-पाच वर्षे आणि प्रत्येकी काही लाख दंड झाला. एकाने दंड भरला, दुसऱ्याची ऐपत नाही. दुसऱ्याला दंडापोटीची कैद वेगळी भोगावी लागते. २०१८ मध्ये शरद हिरू कोळंबे विरुद्ध महाराष्ट्र या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की दंड न भरल्याची कैद मूळ शिक्षेबरोबर एकत्र भोगू देता येत नाही. म्हणजे सूत्रधार पैसे भरून आधी सुटतो आणि लिपिक मागे राहतो. माझ्या मते विषमता सर्वांत टोचते ती इथे. शिक्षेच्या सुनावणीत दंडाची रक्कम प्रत्येकाच्या लाभाच्या आणि ऐपतीच्या हिशेबाने वेगळी मागायला हवी, आणि तसे झाले नसेल तर अपिलात हा मुद्दा स्वतंत्र घ्यायला हवा. खटल्याच्या काळात कोठडीत काढलेले दिवस वजा होतात, त्याचाही हिशेब प्रत्येकाचा निराळा असतो.

प्रत्यक्षात जायचे कुठे? न्यायदंडाधिकाऱ्यांचा निकाल असेल तर सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा व सत्र न्यायालयात, तीस दिवसांत. सत्र न्यायालयाचा निकाल असेल, किंवा शिक्षा सात वर्षांहून जास्त असेल, तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात, साठ दिवसांत. निकालपत्राची प्रत मिळायला लागलेला वेळ या मुदतीतून वगळला जातो, आणि कैदेची शिक्षा झालेल्याला पहिली प्रत फुकट मिळते. उशीर झाला तर कारण देऊन माफी मागता येते. तुरुंगात असलेला माणूस अधीक्षकामार्फत अपील पाठवू शकतो. कोठडीत असलेल्या कोणालाही, उत्पन्न न पाहता, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो. अपील निकाली निघायला वर्षे लागू शकतात, म्हणून विषम शिक्षेचा मुद्दा आधी शिक्षेला स्थगिती मागण्याच्या अर्जातच मांडतात. ठरावीक मुदतीच्या शिक्षेत अशी स्थगिती उदारपणे द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये भगवान रामा शिंदे गोसाई प्रकरणात म्हटले आहे.

अपिलाच्या मसुद्यात सहआरोपीच्या शिक्षेबद्दल कडवटपणे लिहिण्यापेक्षा निकालपत्रातले उतारे ठेवा. अमुक परिच्छेदात सहआरोपी क्रमांक दोनची भूमिका अशी नोंदली, अमुक परिच्छेदात माझी तशी. त्याच्या बाजूने वयाचा आणि पहिल्या गुन्ह्याचा विचार केला, माझ्याही बाबतीत त्या दोन्ही गोष्टी होत्या, त्यांचा उल्लेखही नाही. असे तीन-चार मुद्दे पानांच्या आकड्यांसह असले, तर न्यायाधीश स्वतः निकालपत्र उघडून पाहतात. सहआरोपी फरार होता आणि त्याचा खटला नंतर दुसऱ्या न्यायाधीशापुढे चालला असेल, तर पहिल्या निकालाची प्रत त्या न्यायाधीशापुढे शिक्षेच्या सुनावणीच्या वेळीच ठेवली गेली पाहिजे. ती नव्हती, हा अपिलातला चांगला मुद्दा होतो.

आणि सहआरोपीच्या अपिलाचा क्रमांक आपल्या अपिलाच्या पहिल्या पानावर लिहून दोन्ही अपिले एकत्र ऐकावीत असा अर्ज पहिल्याच तारखेला द्या. तुमचे अपील आधी निकाली निघाले आणि त्याची शिक्षा सहा महिन्यांनी कमी झाली, तर त्याच न्यायालयात परत जाऊन काही मिळत नाही. एकदा सही केलेला फौजदारी निकाल लेखनिकाच्या चुकीखेरीज बदलण्याचा अधिकार त्या न्यायालयाला नसतो. सत्र न्यायालयाने अपील फेटाळले असेल तर नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात पुनरीक्षण, आणि उच्च न्यायालयाने फेटाळले असेल तर थेट सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका. तेव्हा सहआरोपीच्या नव्या निकालाची प्रमाणित प्रत हातात आल्याशिवाय निघू नका, आणि ती आल्यावर एक दिवसही थांबू नका.